ओढू नको

जूनमध्ये आम्ही हॉलमधला टीव्ही आत हलवला आणि त्याच्या जागी, अण्णांच्या कॉटपासून हातभर अंतरावर, माशांची टाकी ठेवली. अण्णा म्हणजे माझे सासरे. जानेवारीत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, वाचाही बरीचशी गेली. टीव्हीचा आवाज त्यांना सोसेना, आणि आमच्या टिळकनगरच्या इमारतीच्या खिडकीतून समोरच्या इमारतीच्या भिंतीशिवाय काही दिसत नाही. व्यायाम घ्यायला येणारी मुलगी म्हणाली, नजर फिरती राहील असं काहीतरी समोर असू दे. नवऱ्याने विचारलं, "अण्णा, मासे आणायचे का?" अण्णांनी खूप वेळ घेतला आणि एकच शब्द काढला, "गप्पी."

तो शब्द त्यांच्या तोंडी येणारच होता. महापालिकेच्या कीटकनाशक विभागात त्यांची सारी नोकरी झाली. आमच्या घरात त्याला अजून 'मलेरिया खातं' असंच म्हणतात. मुंबईतला मलेरिया विहिरींमध्ये आणि टाक्यांमध्ये वाढतो, हे डॉ. बेंटली यांनी १९११ च्या अहवालात दाखवून दिलं होतं, आणि त्या विहिरी-टाक्या तपासत हिंडणं हेच पुढे अण्णांसारख्या माणसांचं काम झालं. खांद्यावर फवारणीचा पंप असायचा आणि हातात गप्पींनी भरलेला डबा. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेचा. १९१० च्या सुमारास तो आपल्याकडे आणला गेला, कारण डासांच्या अळ्या त्याला फार आवडतात. जुन्या चेंबूर गावठाणातल्या विहिरी, कारंजी, बांधकामावरचे पाण्याचे खड्डे, जिथे जिथे अण्णांनी गप्पी सोडले त्या जागा ते पूर्वी स्कूटरवरून जाताना दाखवायचे. घरात मात्र मासा आला तो आता, त्यांच्या बहात्तराव्या वर्षी.

टाकीची सगळी जबाबदारी माझी. मी अकाउंट्सचं काम करते, घरून. माशांचं मला काडीचंही ज्ञान नव्हतं. कुर्ल्याच्या एका दुकानातून चौदा गप्पी आणले. शेपटीला मोरपिसाचे रंग असलेले पाच नर आणि राखाडी, पोटाळ अशा नऊ माद्या. दुकानदाराने सांगितलं की पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगू द्या, मग सोडा. तेवढं मी घड्याळ लावून केलं. तेवढंच मला ठाऊक होतं.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी अण्णा डाव्या हाताने कॉटच्या कठड्यावर टकटक करायला लागले. मला वाटलं पाणी हवंय. ते टाकीकडे बोट करत होते. "लाल," म्हणाले. मी पाहिलं, नरांच्या शेपट्या लाल होत्याच. "हो, छान आहे," म्हटलं. त्यांनी मान जोरात हलवली आणि पुन्हा टकटक केली. शेवटी मी त्यांच्या उशीपाशी गुडघ्यावर बसले, त्यांच्या नजरेच्या रेषेत, आणि तिथून पाहिलं. कोपऱ्यातल्या वनस्पतीपाशी एक मादी अगदी स्थिर उभी होती. तिच्या पोटाखाली, शेपटीच्या अलीकडे, तीन लाल धागे बाहेर आले होते. अर्ध्या नखाएवढे, केसासारखे बारीक, पंख्याच्या काड्यांसारखे फाकलेले. मी काचेला हात लावला, मादी हलली, आणि धागे आत गेले. पुरते आत. जणू काही नव्हतंच.

त्या क्षणी अंगावर शहारा आला तो आठवतो, पण समजलं काहीच नाही. पहिल्यांदा वाटलं बाळंत होतेय, कारण गप्पी अंडी घालत नाहीत, पिल्लांना जन्म देतात, एवढं मी वाचलं होतं. दुकानात फोन केला. उत्तर आलं, "लाल खाद्य देताय ना ताई, मग विष्ठा लालच येणार." पटण्यासारखं होतं. मी लाल दाणे बंद करून हिरवे आणले. आठ दिवस गेले. धागे होते तसेच, आणि आता ते दोन माद्यांना होते. अण्णांना मी विष्ठेचं सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. चुकीचं उत्तर ऐकल्यावर ते असंच करतात. मग हळूहळू, ओठ वळवत म्हणाले, "जंत."

आज वाटतं, त्या शब्दावर थांबले असते तर निदान दोन मासे वाचले असते. विष्ठा आणि जंत यांतला फरक काचेवर लिहिल्यासारखा स्पष्ट होता. विष्ठा मागे लोंबते, तुटते, तळाला जाते. मासा हलला की आत ओढली जाते, थांबला की पुन्हा बाहेर येते, अशी विष्ठा नसते. जे स्वतःहून मागे सरतं ते जिवंत असतं. अण्णा दिवसाचे दहा तास त्या माशांकडे पाहत होते, मी दिवसातून दोनदा दाणे टाकताना. माझा विश्वास मात्र फोनवरच्या माणसावर बसला.

मग मी माहिती शोधायला लागले आणि गोंधळ वाढत गेला. ज्याच्या नावात किडा किंवा जंत आहे असं इतकं काही समोर आलं की कशाचा कशाशी संबंध तेच कळेना. दुकानात माशांना खायला मिळतो तो ट्युबिफेक्स, हा खराखुरा कृमी, पण मासा त्याला खातो. 'ब्लडवर्म' म्हणून जे विकतात तो कृमी नाहीच, ती एका माशीसारख्या कीटकाची अळी. माशाच्या अंगात नांगरासारखा रुतून बसणारा 'अँकर वर्म' तर कोळंबी-खेकड्यांच्या गोतातला निघाला. काचेवर सरपटणारे पांढरे चपटे प्लॅनेरिया सहसा माशांच्या वाटेलाच जात नाहीत. आणि कल्ल्यांना आकड्यांनी चिकटून बसणारे खरे चपटे कृमी साध्या डोळ्यांना दिसतच नाहीत. मराठीने यासाठी शब्द नेमके ठेवले आहेत, हे मला तेव्हा जाणवलं. अळी पुढे जाऊन दुसरं काहीतरी होते. किडा आपला आपण फिरतो. जंत तो, जो दुसऱ्याच्या पोटात घर करतो. अण्णांनी पहिल्या झटक्यात बरोबर शब्द निवडला होता, सगळ्या शब्दांमधून त्यांना जे थोडे उरले होते त्यांतून.

दरम्यान सल्ले येत होते. खडे मीठ टाका. लसूण ठेचून दाण्यांना चोळा. निळं औषध टाका. निळ्या औषधाने पाणी निळं झालं, फिल्टरचा स्पंज निळा झाला, माझी बोटं चार दिवस निळी राहिली. ते बुरशीवर चालतं, पोटातल्या जंतावर नाही, हे नंतर कळलं. पहिली मादी गेली ती याच काळात. पोट खपाटीला गेलेलं, पाठीचा कणा वाकलेला.

दुसऱ्या मादीचे धागे आता सतत बाहेर असायचे. मला ते पाहवेना. मी भुवयांचा चिमटा उकळत्या पाण्यातून काढला, मादीला जाळीत घेतलं, ओल्या कापसावर ठेवलं आणि चिमटा पुढे नेला. कॉटवरून आवाज आला.

"ओढू नको!"

जानेवारीपासून अण्णा दोन शब्द जोडून बोलले नव्हते. मी चिमटा तिथेच ठेवला आणि मादीला पाण्यात सोडलं. मागे वळून पाहिलं तर ते डाव्या हाताची तर्जनी आणि अंगठा एकमेकांवर फिरवत होते, पुन्हा पुन्हा, सावकाश, वात वळावी तसे. काय सांगताहेत ते मला उमगेना.

उमगलं ते संध्याकाळी, शेजारचे सर आल्यावर. सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, मूळचे मराठवाड्याचे. अण्णांचं गाव बीड जिल्ह्यातलं. एवढ्या धाग्यावर दोघांची रोज संध्याकाळची बैठक असते, आता त्यात सरच बोलतात. अण्णांची बोटं पाहून सर लगेच म्हणाले, "नारू! काडीला गुंडाळायचे, तेच ना?" अण्णांनी मान हलवली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. अण्णांच्या आईच्या पायात नारू होता. हे मला लग्नानंतरच्या तेवीस वर्षांत कधी कोणी सांगितलं नव्हतं.

माझ्या पिढीला नारू शब्दापुरताच माहीत, म्हणून सरांनी समजावलं. बारवेत, पायऱ्यांच्या विहिरीत माणसं उतरून पाणी भरायची. नारूची मादी, कधी हातभर तर कधी जवळजवळ मीटरभर लांब, माणसाच्या पायातून फोड करून बाहेर डोकावते. पाय पाण्यात बुडाला की ती हजारो पिल्लं सोडते. ती पिल्लं सायक्लॉप्स नावाचा टिंबाएवढा जलजीव खातो आणि पाणी पिणारा माणूस त्या सायक्लॉप्सला गिळतो. असं चक्र. बाहेर आलेला नारू ओढायचा नसतो. ओढला की तुटतो, आतला भाग सडतो, पाय सुजून माणूस महिनोन्महिने अंथरुणाला खिळतो. म्हणून काडीला गुंडाळायचा, रोज थोडा, बोटभर. देशातला नारू संपला तो पाणी गाळून पिण्याने, पायऱ्यांच्या विहिरी बंद करण्याने आणि सायक्लॉप्स मारणाऱ्या औषधाने. शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला.

"आणि गंमत पाहा," सर काचेला नाक लावून म्हणाले, "हे तुमच्या माशातलं जे आहे ना, ते नारूच्याच भाऊबंदांतलं असावं."

दुसऱ्या दिवशी दुसरी मादी मेली. सरांनी ती मागून घेतली. स्टीलच्या ताटलीत, माझ्या मुलाच्या दाढीच्या पात्याने, थरथरत्या पण पक्क्या हातांनी तिचं पोट उघडलं. सव्वा इंचाच्या त्या जिवात सहा जंत होते. आतड्याच्या शेवटच्या टोकाला, तोंडं रुतवून बसलेले. लाल दिसतात ते माशाचं रक्त पिऊन. मुलाचा लहानपणीचा सूक्ष्मदर्शक माळ्यावरून काढला. त्याखाली जंताचं तोंड दिसलं ते मी विसरणार नाही. तपकिरी, शिंपल्याच्या दोन पाळ्यांसारखं, त्यावर उभ्या रेघा. या शिंपल्याने तो आतड्याची भिंत चावून धरतो. चिमट्याने ओढलं असतं तर जंताबरोबर आतडंच बाहेर आलं असतं.

"कॅमॅलॅनस," सर म्हणाले. "बहुतेक कॅमॅलॅनस कॉटी. १९२७ मध्ये फुजिता नावाच्या जपानी संशोधकाने याचं वर्णन केलं. शोभेच्या माशांच्या व्यापाराबरोबर जगभर पसरला."

सर त्या संध्याकाळी वेगळेच माणूस झाले होते. ते तेव्हाच्या मराठवाडा विद्यापीठात शिकले. तिथे डॉ. जी. बी. शिंदे यांच्यामुळे कृमींच्या अभ्यासाची मोठी परंपरा उभी राहिली. सर सांगत होते, पहाटे मासळीबाजारात जाऊन मरळ, मांगूर, वाम आणायचे, आतडी उघडायची, पट्टकृमी वेचायचे, रंगवून काचपट्टीवर ठेवायचे. वामीच्या पोटातल्या एका पट्टकृमीला १९८० मध्ये 'सेंगा गोदावरी' असं नाव मिळालं. मांगुरातल्या एकाच्या नावात मराठवाडा आहे. नद्यांची, प्रदेशांची नावं आपण मुलींना ठेवतो, इमारतींना ठेवतो. आपल्याच माणसांनी ती एका जंतालाही इतक्या आस्थेने दिली, याचं मला फार अप्रूप वाटलं. तो जंत त्यांना घाण वाटला नव्हता. तो गोदावरीचा होता.

मी भीत भीत विचारलं, हे आपल्याला होतं का? घरात टाकीत हात मीच घालते. नाही, हा जंत माणसात जगत नाही. आणि बाजारातला मासा? गोड्या पाण्यातल्या माशात जंत असणं नवलाचं नाही, सर म्हणाले, नीट साफ करून पुरता शिजवला की भीती नाही. भीती कच्च्या आणि अर्धकच्च्या माशाची. तरी मला पंधरा दिवस बांगडासुद्धा खाववला नाही.

मला कोड्यात टाकणारी गोष्ट वेगळीच होती. नारूसारखाच याचाही रस्ता सायक्लॉप्समधून जातो. मग माझ्या टाकीत सायक्लॉप्स कुठून आला? नळाचं पाणी, दुकानातली रेती, प्लास्टिकचा पूल. याचं उत्तर सरांनी दोन दिवसांनी शोधून आणलं. नॉर्वेतल्या दोन संशोधकांनी २००२ मध्ये दाखवून दिलं होतं की बंद टाकीत हा जंत मधला टप्पा गाळू शकतो. मादी पाण्यात जिवंत पिल्लं सोडते, ती तळाशी वळवळतात, भुकेला गप्पी त्यांना खाद्य समजून टिपतो, आणि झालं. डासाच्या अळ्या टिपणारा जो गुण पाहून माणसाने गप्पीला सातासमुद्रांपार नेलं, त्याच गुणाने त्याच्या पोटात जंत जातो. म्हणजे आजारी फक्त ती मादी नव्हती. रेती आजारी होती, पाणी आजारी होतं, आणि ज्यांच्या शेपटीखाली काहीच दिसत नव्हतं ते बाकीचे मासेसुद्धा.

औषधाच्या दुकानात गेले आणि सरळ म्हटलं, जंतांचं औषध द्या. अल्बेंडाझोल मिळालं. मुलांना शाळेत जंतनाशक दिनाला देतात तीच गोळी. कुटून पाण्यात टाकली. पांढरी भुकटी तरंगली, मग तळाला बसली आणि तशीच राहिली. ती गोळी पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. तीन दिवस वाट पाहण्यात गेले आणि एक नर गेला.

शेवटी जनावरांच्या डॉक्टरांकडे फोटो घेऊन गेले. रांगेत कुत्री-मांजरं होती. माझ्या हातात फक्त मोबाइल. डॉक्टरांनी फोटो मोठा करून नीट पाहिला आणि लेव्हामिसोल लिहून दिलं. शेळ्या-मेंढ्यांना देतात तेच. ते पाण्यात पूर्ण विरघळतं, आणि जंताला मारण्याआधी त्याच्या स्नायूंना लुळं करतं. पकड सुटते, मासा त्याला बाहेर टाकतो. प्रमाण सांगितलं एका लिटरला दोन मिलिग्रॅम, चोवीस तास.

इथे मात्र मी माझ्या मुलखात आले. टाकी साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद, पाणी पंचवीस उंच. पंचेचाळीस लिटर. म्हणजे नव्वद मिलिग्रॅम. गोळी दीडशेची. ती दीडशे मिलिलिटर पाण्यात विरघळवली की प्रत्येक मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम. त्यातलं नव्वद मिलिलिटर मोजून घ्यायचं. तीनदा ताळा केला. अण्णांसमोर कागद धरला, त्यांनी आकड्यांवरून बोट फिरवलं आणि मान हलवली. मलेरिया खात्यात पंपातल्या औषधाचं प्रमाण त्यांनी आयुष्यभर काढलं होतं.

रात्री नऊला औषध टाकलं. हवेचा पंप चालू, दिवा बंद, टाकीवर जुनी चादर, कारण उजेडात हे औषध लवकर निकामी होतं. मला झोप लागेना. साडेदहाला अण्णांची टकटक ऐकू आली. चादरीचा कोपरा वर करून मोबाइलचा उजेड आत टाकला. एका मादीच्या पोटाखाली धागे लोंबत होते, पण आता ताठ नव्हते. ती हलली तरी आत जात नव्हते. मी पाहत असतानाच त्यातला एक सुटला आणि पाण्यातून खाली, अगदी सावकाश, रेतीवर जाऊन पडला. अण्णांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं होतं. कोणी ओढलं नव्हतं.

दुसऱ्या रात्री आदल्या दिवशी भरून ठेवलेलं पाणी बादल्यांनी आत, जुनं नळीने बाहेर. रेतीचा तळ नळीने ओढून ओढून साफ केला, कारण तिथे पडलेला जंत मासा पुन्हा खाऊ शकतो. पांढऱ्या बादलीत मी एकोणीस मोजले. पहिल्या मात्रेतून काही पिल्लं सुटतात म्हणून तीन आठवड्यांनी पुन्हा तेच सारं. दुसऱ्या खेपेला बादलीत काही सापडलं नाही. चौदांपैकी नऊ मासे राहिले, तीन नर, सहा माद्या. औषधानंतर दोन गेले, त्यांची आतडी आधीच फाटली असावीत, असं सर म्हणाले.

मला राग येतो तो एका गोष्टीचा. कोविडात आपण सगळे 'विलगीकरण' हा शब्द शिकलो, दाराच्या कडीलाही हात लावताना विचार करू लागलो. आणि शोभेचे मासे मात्र शंभर पिशव्यांमधून एका टाकीत ओतले जातात, तिथून हजार घरांत जातात, आणि विकताना कोणी एक वाक्य बोलत नाही की महिनाभर वेगळे ठेवा. ते वाक्य सांगायला पैसे पडत नाहीत. मला कोणी सांगितलं असतं तर मी ते वीस मिनिटांसारखंच घड्याळ लावून पाळलं असतं.

गेल्या आठवड्यात आणखी चार गप्पी आणले. ते मोठ्या टाकीत नाहीत. अण्णांच्या उशाशी स्टुलावर पारदर्शक प्लास्टिकचा टब आहे, त्याची जाळी वेगळी, नळी वेगळी, तो धुवायची मोरीही वेगळी. सकाळी चहाआधी मी टॉर्च लावते आणि गुडघ्यावर बसते, त्यांच्या नजरेच्या रेषेत. मासे थांबेपर्यंत आम्ही दोघं थांबतो. चारही जणांच्या पोटाखाली पाहून झालं की अण्णा कॅलेंडरकडे बोट करतात आणि मी तारखेवर फुली मारते. आज नववी.